पाय टेकले पाहिजेत: लाखाच्या खुर्चीकडून आपण काय घ्यायचं

दुपारची कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, तर आधी एक सांगा. आत्ता तुम्ही कशावर बसला आहात? पाटावर, बाजेवर, उंबऱ्यावर की प्लॅस्टिकच्या खुर्चीत? आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून 'आई गं' म्हणता का? म्हणत असाल तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

आजचा विषय खुर्चीचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रभागसंघात एका खुर्चीवरून दोन बैठका गाजल्या, म्हणून म्हटलं, आपल्याला जे कळलं ते सगळ्यांना सांगावं.

झालं असं, की आमच्या संघाची लिपिका रोज सहा-सात तास संगणकापुढे बसते. चाळीस गटांचे हिशेब, बँकेच्या कर्जाच्या फायली, सगळं तिच्या हातात. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, पाठीला उशी. डिसेंबरच्या बैठकीत ती म्हणाली, "एप्रिलपासून मी हे काम सोडते. रात्री कूस बदलता येत नाही." आम्ही सगळ्या गप्प झालो. तिच्या जागी बसणारी दुसरी कोणी तयार नव्हती. संघाने खुर्चीसाठी ३० हजार रुपये बाजूला काढले.

पुण्यात बंद होणाऱ्या कार्यालयांच्या खुर्च्या घेऊन विकणारा एक व्यापारी आमच्यातल्या एकीच्या भावाच्या ओळखीचा निघाला. त्याने दोन वापरलेल्या, मोठ्या नावाच्या खुर्च्या दाखवल्या. एक जाळीची, एक गादीची. किंमत दोन्हींची सारखीच, २४ हजार. नव्या घेतल्या तर एकेकीला लाखाच्या आसपास किंवा लाखाच्या वर पैसे पडतात, असं तो म्हणाला.

बैठकीत हे सांगितलं आणि शेजारच्या खोलीत गणवेश शिवणाऱ्या सहा जणींपैकी एक उभी राहिली. ती म्हणाली, "तिची पाठ ती पाठ, आणि आमची काय लाकडाची आहे? आम्ही पण सात तास स्टुलावर बसतो." तिचं चुकीचं नव्हतं. त्या दिवशी निर्णय झाला नाही. ठरलं एवढंच, की एवढे पैसे नेमके कशाचे असतात ते आधी समजून घ्यायचं.

या खुर्च्या आल्या कुठून?

अशा खुर्च्यांत सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे एअरॉन. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या हर्मन मिलर कंपनीने ती १९९४ साली बाजारात आणली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी तिचा आराखडा केला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ती ठेवलेली आहे.

पण तिची सुरुवात कार्यालयात झाली नाही, म्हाताऱ्या माणसांपासून झाली. हे दोघं आधी वृद्धांसाठी खुर्ची करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की म्हातारी माणसं दिवसभर फोमच्या जाड खुर्चीत बसतात, त्यांचं अंग घामाने ओलं राहतं, एकाच जागी दाब येतो आणि तिथे जखमा होतात. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना या जखमा माहीत आहेत. म्हणून त्यांनी जाड फोमच्या जागी ताणलेल्या जाळीचा आधार वापरून पाहिला. जाळी अंगाच्या आकाराने दबते, वजन सगळीकडे वाटलं जातं आणि खालून हवा खेळते. बाज आणि गादी यांत जो फरक, तोच इथे. वृद्धांची ती खुर्ची बाजारात आली नाही, पण जाळीचा विचार पुढे एअरॉनमध्ये वापरला गेला.

या खुर्चीची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ती तीन मापांत मिळते. लहान, मध्यम आणि मोठी. पोलक्याला जसं माप असतं तसं खुर्चीलाही असावं, हे त्यांनी मान्य केलं. वापरलेली एअरॉन घ्यायची वेळ आली, तर पाठीच्या वरच्या कडेला मागून बोट फिरवून बघायचं. तिथे उंचवट्यासारखे ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे लहान, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे मोठी.

दुसरी खुर्ची लीप. स्टीलकेस कंपनीची, तीही मिशिगनचीच, १९९९ सालची. ही गादीची. मापं तीन नाहीत, एकच आहे, पण बसायची गादी पुढे-मागे सरकते. त्यामुळे बुटकी बाई आणि उंच बाई दोघींना ती जमवून घेता येते. आपण मागे रेललो की तिची पाठ आपल्या पाठीबरोबर आकार बदलते.

तिसरा प्रकार नील्स डिफ्रिएंट या आराखडाकाराचा. त्याने ह्यूमनस्केल कंपनीसाठी फ्रीडम नावाची खुर्ची केली. तिच्यात मागे झुकण्यासाठी खटके फिरवावे लागत नाहीत. बसणाऱ्याच्या वजनावरच ती मागे जाते. हलकी बाई बसली तर हलकी, जड बसली तर जड. जिथे एकच खुर्ची दिवसभरात चार जणी वापरतात, तिथे हे सोयीचं.

म्हणजे पैसे कशाचे, तर चार गोष्टींचे: माप जुळवण्याचे, वजन वाटण्याचे, पाठ हलती ठेवण्याचे आणि वर्षानुवर्षं टिकण्याचे. या कंपन्या नव्या खुर्चीला साधारण १२ वर्षांची हमी देतात. पण ती बहुतेक वेळा पहिल्या गिऱ्हाइकापुरतीच असते. आपण तिसऱ्या हाताने घेतो तेव्हा हमी आपल्याला मिळत नाही, हे धरूनच चालायचं.

आधी आपलं माप घ्या

आता आपण स्वतःकडे येऊ. शिवणाची टेप घ्या आणि सपाट स्टुलावर ताठ बसा. तीन मापं घ्यायची.

पहिलं माप गुडघ्याच्या मागच्या वळणापासून टाचेपर्यंत. ही तुमच्या बैठकीची उंची. आपल्याकडच्या बाईची उंची साधारण ५ फूट. तिचं हे माप १५-१६ इंच भरतं. कार्यालयातल्या कितीतरी खुर्च्या सगळ्यात खाली आणल्या तरी १६ ते १८ इंचांवरच थांबतात. त्यात तिकडे लोक बूट घालून बसतात, बुटाचा तळ इंचभर उंची देतो. आपण चपला दाराबाहेर काढतो. म्हणून आपले पाय अधांतरी राहतात. पाय लोंबकळले की मांडीखाली कड रुतते, रक्त नीट खेळत नाही, पायाला मुंग्या येतात. मग आपण पुढे सरकून कडेवर बसतो आणि पाठीचा आधार सुटतो. पाठ दुखायची सुरुवात बऱ्याचदा अशी पायापासून होते.

दुसरं माप कंबरेच्या मागून गुडघ्याच्या आतल्या वळणापर्यंत. यातून दोन बोटं वजा करा. तेवढीच बैठकीची खोली हवी. बैठक त्याहून खोल असेल तर पाठ टेकेपर्यंत मागे बसताच येत नाही.

तिसरं माप बसलेल्या जागेपासून कोपरापर्यंत, हात सैल सोडून कोपर काटकोनात ठेवून. हे साधारण ८-९ इंच येतं. काम करताना हात याच उंचीवर असले पाहिजेत, नाहीतर खांदे वर चढून राहतात आणि मान भरून येते.

आमच्या लिपिकेची मापं अशी आली: पाय साडेपंधरा इंच, मांडी १७ इंच, कोपर साडेआठ इंच. म्हणजे पाय जमिनीवर टेकवून बसली तर तिचं कोपर २४ इंचांवर. आणि टेबल किती? साडेएकोणतीस इंच! ती इतकी वर्षं खांदे उचलून टंकलेखन करत होती. दोष नुसत्या खुर्चीचा नव्हता, टेबलाचाही होता. लाखाची खुर्ची आणली असती तरी त्या टेबलापुढे मान दुखलीच असती.

टेबलाला सरकता खण होता, त्यात पावतीपुस्तकं भरलेली होती. ती बाहेर काढली, खणात कळफलक ठेवला. हातांची उंची २७ इंचांवर आली. मग बैठक हवी साडेअठरा इंचांवर. एवढ्या उंचीवर बसलं तर पाय ३ इंच वर राहणार. म्हणून पायाखाली ३ इंच उंचीचा पाट ठेवला. आपला घरातलाच, जेवायला बसायचा. या सगळ्याला एक पैसाही लागला नाही, आणि आठवड्याभरात ती म्हणाली, "मान हलकी झाली."

जाळी की गादी?

व्यापाऱ्याकडे अनामत ठेवून दोन्ही खुर्च्या आठ-आठ दिवस वापरायला आणल्या. मैत्रिणींनो, हे नक्की करा. दुकानात पाच मिनिटं बसून सगळ्याच खुर्च्या छान वाटतात. खरं काय ते चौथ्या तासाला कळतं.

जाळीच्या खुर्चीत हवा खेळत होती. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात हे सुख मोठं आहे. शिवाय जाळीत उंदीर घर करत नाहीत. पण ती मध्यम मापाची होती, बैठक १७ इंच खोल, आणि आमच्या लिपिकेची मांडीही १७ इंचच. दोन बोटं सुटायला जागाच नाही. ती पुढे सरकून बसू लागली. खुर्ची वाईट नव्हती, तिच्या मापाची नव्हती. पाच फूट सहा इंचाच्या आमच्या एका सहकारी ताईला तीच खुर्ची अगदी बेतून शिवल्यासारखी बसली.

गादीची खुर्ची पुढे-मागे सरकवून पावणेसोळा इंचांवर आणता आली. गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहिली, कंबरेला आधार नेमका लागला. गादी गरम होते हे खरं, पण तिच्यावर सुती पंचा घालता येतो. आणि मुख्य म्हणजे कापड फाटलं तर तालुक्याचा कुशनवाला ते बदलून देऊ शकतो. ताणलेली जाळी फाटली तर ती आपल्याकडे कोणी विणून देणार नाही.

दोन्हींची चाकं मात्र आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत अडत होती. आणि साडीच्या निऱ्या, ओढणीचं टोक चाकात जातं, हे पहिल्याच दिवशी कळलं. शेणाने सारवलेली जमीन असेल तर चाकांचा काही उपयोग नाही, उलट त्रासच. अशा ठिकाणी चाकं काढून साधे पाय बसवता येतात का, ते आधी विचारा.

जुनी खुर्ची घेताना

वापरलेली खुर्ची घ्यायची असेल तर या गोष्टी बघा.

बैठक पूर्ण वर करा आणि दहा मिनिटं बसा. हळूहळू खाली जात असेल तर आतली गॅसची नळी गेली आहे. ती बदलता येते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

खुर्ची उलटी करून खालचे पाय बघा. पाच हवेत, आणि एकालाही तडा नको. चारच्या जागी पाच पाय असले की बसणारी कुठेही कलली तरी खुर्ची सहज उलटत नाही.

प्रत्येक खटका फिरवून बघा. मागे रेलून अडकवा, पुन्हा सोडा. झटका बसला किंवा कुरकुर झाली तर विचारा.

जाळीवर हात दाबून सोडा. ती लगेच ताठ झाली पाहिजे. गादीवर मूठ दाबा. खालचा कडक तळ हाताला लागला तर फोम बसला आहे.

आणि ज्या बाईला ती वापरायची आहे, तिलाच बसवा. अध्यक्षांना नको, सचिवांना नको, त्यांच्या मुलालाही नको.

मग आम्ही काय ठरवलं?

गादीच्या खुर्चीचं कापड एका कोपऱ्यात विरलेलं होतं. ते दाखवून भाव केला आणि ती १९ हजारांना ठरली. उरले ११ हजार. ते शिवणाऱ्या सहा जणींचे, यावर बैठकीत एकमत झालं.

त्यांच्यासाठी कार्यालयाची खुर्ची नकोच होती. शिवताना पाय पायडलवर असतो. चाकाची खुर्ची मागे पळते. खुर्चीचे हात कापडाच्या आड येतात. मागे रेलण्याची सोय काही कामाची नाही, कारण शिवणारी बाई पुढेच वाकलेली असते. उलट बैठक किंचित पुढे उतरती असेल तर कंबर कमी वाकते. एअरॉनमध्येही पुढे झुकण्याची सोय घेता येते, ती पुढे वाकून काम करणाऱ्यांसाठीच.

ही कल्पना आम्ही गावच्या सुताराला सांगितली. सहा जणींची मापं टेपने घेतली आणि वहीत लिहून दिली. त्याने सहा लाकडी खुर्च्या केल्या. हात नाहीत, चाकं नाहीत, कंबरेला टेकेल एवढीच पाठ, आणि बैठकीची पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा इंच खाली. प्रत्येकीची उंची वेगळी, मागच्या बाजूला खडूने नाव. बसायला जुन्या गोधडीच्या घड्या. एका खुर्चीचे १,८०० रुपये, सहांचे १०,८००. राहिलेले २०० रुपये टेम्पोवाल्याला दिले.

बैठकीत उभी राहिलेली ताई आता आपल्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसू देत नाही!

खुर्ची सगळं करत नाही

आता खरं ते सांगायला हवं. लिपिकेने काम सोडलं नाही, पण तिची पाठ एकदम बरी झाली असंही नाही. ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, तिथे व्यायाम शिकवले, ते ती करते. दुखणं कमी झालं आहे, रात्री झोप लागते, एवढं ती सांगते. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर खुर्चीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा.

आणि कितीही चांगली खुर्ची असली तरी शरीर एका जागी बसण्यासाठी केलेलं नाही. आमच्याकडे आता अर्ध्या तासाला घंटा वाजते. सगळ्या जणी उठतात, पाणी पितात, हात वर ताणतात, दाराशी जाऊन येतात. सुरुवातीला हसायला यायचं. आता घंटा चुकली तर कोणीतरी आठवण करून देते.

काही मैत्रिणी विचारतील, "आमच्या गटाकडे १९ हजारही नाहीत, मग?" तर ऐका. पाय टेकण्यासाठी पाट किंवा विटांवर फळी. खुर्ची खोल असेल तर पाठीमागे घट्ट उशी, म्हणजे बैठक आपोआप उथळ होते. कंबरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल. टेबल उंच असेल तर खण वापरा, किंवा सुताराकडून टेबलाचे पाय कापून घ्या. महागड्या खुर्चीत जे असतं, त्यातलं अर्धंअधिक या चार गोष्टींत मिळतं. उरलेलं म्हणजे टिकाऊपणा आणि हलती पाठ. जी बाई रोज सहा-सात तास त्याच जागी बसते, तिच्यासाठी त्याला पैसे घालणं योग्य आहे. जिचा बसण्याचा वेळ तासभर, तिच्यासाठी नाही.

आपण गाईसाठी गोठा बांधताना गव्हाणीची उंची मोजतो. चुलीचा ओटा करताना गवंड्याला उंची सांगतो. मग ज्या जागी आपली अर्धी हयात बसण्यात जाते, तिचं माप कोणी कधी घेतलं?

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने टेप आणायची आणि आपली तीन मापं वहीत लिहायची. पाय, मांडी, कोपर. ज्या गटात जे सापडेल ते आम्हाला पत्राने कळवा किंवा केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या वेळी तुमच्या वहीतली मापं घेऊनच बोलू. तोपर्यंत नमस्कार, आणि हो, ऐकून झालं असेल तर आता जरा उठा.